खेळाच्या डिग्रीची पट्टी

गळ्यात शिट्टी आणि पायात ट्रॅकपँट असलेला माणूस शाळेच्या फाटकात उभा असेल, तर तो खेळाचा मास्तरच असणार, असं मी धरून चाललो. चूक तिथंच झाली.

शनिवार होता, सकाळची शाळा. फाटकाशी पोरांची रांग लावत, "ए, सरळ हो की रं!" असं खेकसत हा गृहस्थ शिट्टी मारत होता, आणि पोरं खरोखरच सरळ होत होती. आमच्या मुलीनं त्याच वर्षी बी. ए. केलं होतं आणि आता तिला शारीरिक शिक्षणाची दोन वर्षांची पदवी घ्यायची होती. त्यासाठी बँकेचं कर्ज काढावं लागणार होतं, आणि कर्जाच्या कागदावर सहकर्जदार म्हणून माझी सही. सही ठोकण्याआधी या लायनीत सुटतं किती, हे एखाद्या जाणत्याला विचारावं म्हणून पेढीवर जाता जाता मी वाट वाकडी करून तिथं थांबलो होतो.

मी नमस्कार केला. "सर, जरा खाजगी विचारायचं होतं. महिन्याला सुटतात किती?"

त्यानं मला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं. "का? तुमाला उतरायचंय का काय लायनीत?"

"मला नाही हो. मुलीला."

"पोरीला?" तो आधी चकित झाला, मग खूश झाला. "घाला की! आता पोरीबी करत्यात. तीसेक हजार सुटत्यात बगा. डिझेल, टायर जाऊन."

डिझेल मी संघाला तालुक्याच्या स्पर्धेला नेण्याच्या खात्यात टाकलं. टायरचं तर मला घरचंच ठाऊक होतं. आमची पोरगी कमरेला दोरी बांधून मैदानावर जुना टायर ओढते. त्यानं म्हणे मांड्या भरतात. एवढी पोरं टायर ओढणार म्हटल्यावर मास्तरला खर्च येणारच.

"आणि कर्ज?"

"कर्जाबिगर हुतंय का? मी बी काढलं की. तीन वर्षांत फेडून मोकळा. उन्हाळ्यात दोन म्हैने तेवढं बसून ऱ्हावं लागतंय. पर एक सांगतो सायेब, पोरांना जीव लावावा लागतोय. त्याबिगर आईबाप पोरगं हातात देत न्हाईत."

काय बोलला! मी भारावून त्याचा हात हातात घेतला आणि दिवसभर पेढीवर जो येईल त्याला सांगत सुटलो की शिक्षणक्षेत्रात अजून चांगली माणसं आहेत.

संध्याकाळी घरात पाऊल टाकल्या टाकल्या जाहीर केलं, "काढा कर्ज. चौकशी झाली."

"कुणाकडं?" मुलीनं विचारलं.

"तुझ्या जुन्या शाळेतल्या सरांकडं. ते मिशीवाले. फाटकात शिट्टी घेऊन उभे असतात ते."

मुलगी आधी माझ्याकडं बघत राहिली, मग पोट धरून खालीच बसली. "पप्पा, ते व्हॅनवाले काका हायत! शाळेची व्हॅन चालवतात!"

बायको भाकरी थापत होती. तिनं मान न वळवता सांगितलं, "मग व्हॅनच घेऊन द्या की तिला. तीन वर्षांत फिटतीया म्हणं."

खेळ या विषयात माझं ज्ञान असंच आहे. शाळेत असताना पीटीच्या तासाला मी पोटात दुखतंय सांगून लिंबाखाली बसत असे, आणि ते इतक्या नियमानं, की एकदा सरांनीच मला पाहून 'आज दुखत नाही का?' म्हणून काळजीनं विचारलं होतं. पुढं पोट खरोखरच वाढलं. आता मार्केट यार्डातल्या पेढीच्या पायऱ्या चढलो तरी गादीवर बसून आधी पंखा लावायला सांगतो. अशा बापाच्या पोटी राज्याच्या संघापर्यंत गेलेली खो-खोची खेळाडू कशी जन्मली, याचं उत्तर आमच्या सासुरवाडीला पक्कं ठाऊक आहे. तिथले लोक प्रत्येक लग्नकार्यात ते मला ऐकवतात.

पेढी म्हणजे कांद्याची आडत. मी तिथं दिवाणजी. बाहेर लिलाव होतो, शेतकऱ्याच्या कांद्याला भाव पडतो आणि भावाची चिठ्ठी आत माझ्याकडं येते. मग मी पट्टी करतो. वर एकूण रक्कम, खाली हमाली, तोलाई, गाडीभाडं असं एकेक वजा करत यायचं आणि तळाला शेतकऱ्याच्या हातात पडणारा आकडा लिहायचा. वर्षानुवर्षं हेच केल्यामुळं मला आता कुठलीही गोष्ट वजाबाकीतच दिसते. साडूनं नवा फ्लॅट घेतला तेव्हा सगळे पेढे खात होते आणि मी मनातल्या मनात त्याचा मेंटेनन्स वजा करत होतो.

तर व्हॅनवाल्या प्रकरणानंतर मी इभ्रत सावरायला खरी चौकशी केली. यार्डात येणाऱ्या-जाणाऱ्यांत मास्तरांचे भाऊ, संस्थांचे सदस्य, निवृत्त हेडमास्तर सगळे भेटतात. सगळ्यांचं म्हणणं एकच पडलं. खेळाच्या शिक्षकाची कायमची जागा निघते तेव्हा निघते. निघाली की तिच्यावर झुंबड. बाकी पोरं-पोरी तासावर राबतात, जेवढे तास तेवढे पैसे, सुट्टीत शून्य. एक सदस्य तर म्हणाले, "खेळाचा तास ठेवतो कोण दिवाणजी? दहावीला गणितवाला घेतो, नववीला इंग्रजीवाला."

मग पुढच्या रविवारी मी कॅलेंडरचं जुनं पान उलटं घेतलं आणि मुलीच्या डिग्रीची पट्टी केली. मुलीनं सीईटी दिली होती, मैदानी चाचणीत चांगले गुण घेतले होते, आणि तिला पुण्याचं एक कॉलेज मिळत होतं. वर मी तासावरच्या नोकरीचे पैसे मांडले. खाली कर्जाचा हप्ता, तिकडं राहायची खोली, मेस, बूट, जाणं-येणं. तळाला आलो तर आकड्याआधी वजाबाकीचं चिन्ह. कांद्याचा भाव पडला की कधीमधी अशी पट्टी निघते. ती शेतकऱ्याच्या हातात देताना मी हटकून चष्मा पुसायला घेतो.

मुलीसमोर कागद ठेवला आणि चष्मा पुसायला घेतला.

तिनं तो वरपासून खालपर्यंत वाचला. "पप्पा, मी कांदा हाय का?"

"तसं नाही गं. हिशोब तर करायला पाहिजे ना?"

"करा की. पण शुक्रवारच्या आत फी भरली नाही तर जागा जाते, हे पण लिहा त्यात खाली." एवढं बोलून ती बाहेर गेली. तिनं दार आपटलं असतं तर मला बरं वाटलं असतं. तिनं ते हळूच ओढून घेतलं.

बायको अंगणवाडी सेविका आहे. मानधन उशिरा येणं म्हणजे काय आणि तरी सकाळी वेळेवर पोरं गोळा करणं म्हणजे काय, हे तिला पगारदार माणसापेक्षा जास्त कळतं. तिनं माझा कागद उचलून वाचला, घडी घातली आणि विचारलं, "लिलावाला पोतं फोडत्यात ना तुमच्यात?"

"फोडतात की. ओतून बघितल्याशिवाय बोली कोण लावणार?"

"मग तुमी न फोडताच पट्टी केली की ही."

"म्हणजे?"

"एकदा तरी बघितलंय का तिला मैदानावर?"

बक्षीस समारंभांना मी गेलो होतो, पुढच्या रांगेत बसून टाळ्या वाजवल्या होत्या, ढालीसोबत फोटोही आहेत. पण सामने व्हायचे सकाळी, आणि लिलावही सकाळी. दिवाणजीचं कामच असं की बाहेर बोली चालू असताना तो आत बसतो. चिठ्ठीत येईल ते खरं धरून लिहितो. तीच सवय मी घरी आणली होती.

सोमवारी संध्याकाळी शेठजींना "दाढ दुखतेय" सांगून पेढीतून लवकर निघालो. लहानपणचं पोट आता दाढेपर्यंत चढलं होतं, एवढीच प्रगती.

शाळेमागचं मैदान म्हणजे तापलेली माती आणि तिच्यात बारीक खडे. दोन टोकांना दोन खांब, मधे रेघांनी आखलेले चौक, आणि त्यांत दहा-बारा वर्षांच्या मुली एकआड एक उलट्या दिशांना तोंडं करून उकिडव्या बसलेल्या. आमची पोरगी कडेला उभी राहून त्यांना शिकवत होती. ती संध्याकाळची बॅच घेते हे मी ऐकून होतो. 'बॅच घेते' म्हणजे पोरींबरोबर खेळत असेल, एवढाच मी अर्थ लावला होता.

एक गुबगुबीत मुलगी, माझ्याच वळणाची, खो द्यायला पळत आली आणि पुढच्या मुलीच्या पाठीला बोट लावून न लावल्यासारखं करून थांबली. पाठीवर हात पडल्याशिवाय बसलेलीनं उठायचं नसतं. बाकीच्या हसल्या. ही मुलगी जी खाली बसली ती उठेचना. मी असतो तर गोळी-बिस्किटाचं आमिष दाखवलं असतं. आमच्या पोरीनं तिला काही समजावलं नाही. ती स्वतः शेजारच्या चौकात पाठ करून उकिडवी बसली.

"मला दे खो."

मुलगी हलेना.

"दे की गं. मला मागचं दिसतंय का? तू हात मारल्याशिवाय मी जन्मभर हितंच बसणार. आईला निरोप दे माझ्या, डबा हिकडंच पाठवा म्हणून."

मुलगी हसली, उठली, हळूच हात लावला.

"ही काय पाठीवरची माशी हाकलतीस? जोरात!"

आता मात्र त्या मुलीनं अख्ख्या वर्गावरचा राग काढावा तसा पाठीत धपाटा घातला आणि "खो!" म्हणून किंचाळली. आमची पोरगी सुटली. मी माझ्या मुलीला चालताना, भांडताना, झोपताना बघितलं होतं. असं धावताना नाही. खांबाशी पोचली, वळली, आणि पुढं पळणाऱ्या पोरीच्या मागं तिनं अंग जमिनीवर झोकून दिलं.

"अरे पडली! पडली ना!" मी मैदानाच्या कठड्याशी उभा होतो, तिथून ओरडलो.

सगळं मैदान माझ्याकडं बघायला लागलं. ती पडली नव्हती, तिनं सूर मारला होता आणि तिची बोटं त्या पोरीच्या टाचेला लागली होती. उठून गुडघ्यावरची माती झटकत ती म्हणाली, "पोरींनो, ते माझे पप्पा. त्यांना माफ करा." आणि पुन्हा शिट्टी वाजली. गुडघ्याला रक्त आलेलं तिनं बघितलंही नाही. गुबगुबीत मुलगी मात्र आता स्वतःहून पुढच्या चौकाकडं पळत होती.

माझ्या शेजारी एक सडपातळ तरुण येऊन उभा राहिला होता. इस्त्रीचा शर्ट, फॉर्मल पँट, हातात पिशवी आणि पिशवीत स्पोर्ट्सचे बूट. "नमस्कार काका. मी खेळ शिकवतो हितं. आज भूगोलाचे सर रजेवर होते, तर दिवसभर भूगोलच केला." म्हणजे खरे सर हे. यांच्या गळ्यात शिट्टी नव्हती; ती आमच्या पोरीकडं होती.

या वेळी मी आधी खात्री करून घेतली. "तुमची व्हॅन वगैरे नाही ना?"

त्यांना किस्सा पोचलेला असावा. ते मनापासून हसले. "व्हॅनवाल्या काकांना माझ्यापेक्षा जास्त मिळतात काका. लाजायचं काय त्यात?"

मग आम्ही कठड्यावर बसलो. ते मंगळवेढ्याचे, इथं खोली करून राहणारे. तासावर शिकवतात. उन्हाळ्यात शिबिरं घेतात, स्पर्धा असल्या की पंच म्हणून जातात, त्याचे थोडे मिळतात. कायमच्या भरतीची वाट बघणं चालूच आहे. शिक्षणासाठी त्यांनीही कर्ज काढलं होतं.

"फिटलं?"

"आत्ता दिवाळीत. लई वर्षं लागली. काका, खरं सांगू का? फीचं एवढं काही नव्हतं. माझं कर्ज शिकण्यात कमी गेलं, राहण्यात आन् खाण्यात जास्त. मोठ्या शहरात गेलो होतो ना. तिथनं परत आलो तर हितल्या पोरांची न् माझी डिग्री एकच, पगार एकच. हप्ता मात्र माझा दुप्पट."

"मग पस्तावा होतो?"

त्यांनी मैदानाकडं बघितलं. "डिग्रीचा न्हाई होत. शनिवारी कवायतीला अख्खी शाळा एकदम हात वर करती ना, तवा तर अजिबात न्हाई. म्हैनाअखेरीला होतो. पण म्हैनाअखेरीला कुणाला होत न्हाई?"

मी घरी आलो तो वेगळाच माणूस होऊन. एकदा पाझर फुटला की माझं काही खरं नसतं. जेवायला बसता बसता सांगितलं, "पुण्याला जायचं. पूर्ण रकमेचं कर्ज काढायचं. मी सही करतो. पट्टी फाडून टाकली." कागद बायकोनं कधीच चुलीशी वापरून टाकला होता, ते सोडा.

मुलगी खूश होईल असं वाटलं होतं. ती ताटातली भाकरी कुस्करत राहिली.

"मी पुण्याला नाही जात," ती म्हणाली.

"का? माझ्यावर रागावलीस?"

"तुमच्यावर काय रागवायचं, पप्पा. तुम्ही काल नको म्हणालात, आज सगळंच घे म्हणताय. मधलं काहीच नसतं का तुमच्याकडं?" मग ती सावकाश बोलायला लागली. सरांनी तिलाही तेच सांगितलं होतं, मला सांगण्याच्या कितीतरी आधी. इथल्याच, सोलापुरातल्या कॉलेजातही तिचा नंबर लागत होता. घरी राहिली तर खोली नाही, मेस नाही; कर्ज निम्म्याहून खाली येतं. संध्याकाळची बॅच चालू ठेवता येते. बॅचच्या पैशात शिकता शिकताच व्याज भरत राहायचं, म्हणजे ते साचत नाही.

"आणि कायमची नोकरी लागंल असं धरून मोजायचंच नाही," ती म्हणाली. "लागली तर लागली. तासावरची मिळाली आणि ही बॅच चालली, एवढ्यात हप्ता बसला पाहिजे. तेवढंच कर्ज काढायचं. त्याच्या वर एक रुपया नको."

मी आयुष्यभर वरून खाली वजा करत आलो. ही पोरगी तळाचा आकडा आधी ठरवून तिथून वर निघाली होती.

"पण तुला जायचं तर होतं ना पुण्याला?"

"होतं की." तिनं गुडघ्यावरचं सुकलेलं रक्त नखानं खरवडलं. "चाचणीला गेले तेव्हा तिथं मॅट बघितली. खो-खोची. त्याच्यावर सूर मारला ना पप्पा, तर काहीच होत नाही. नुसतं घसरत जातं माणूस. मी परीक्षा झाल्यावर उगीच दोनदा मारून बघितला. शिपाई ओरडला मला."

ती हसली, पण आम्ही दोघं हसलो नाही. बायकोनं तिच्या ताटात न विचारता तूप वाढलं. मी त्या क्षणी पुन्हा 'जा पुण्याला' म्हणणार होतो. बायकोनं नुसतं माझ्याकडं बघितलं, आणि मी आमटी वाढून घेतली.

दुसऱ्या दिवशी पुण्याच्या कॉलेजचं माहितीपत्रक मुलीनं कपाटात साड्यांच्या खाली सरकवलं. फेकलं नाही.

गुरुवारी आम्ही तिघं बँकेत गेलो. साहेब तरुण आणि सभ्य होते. कागद चाळत त्यांनी मला विचारलं, "शारीरिक शिक्षण... काका, नोकरी लागेल ना नक्की? फेडायची जबाबदारी तुमच्यावरही येते, माहितीय ना?"

घरून निघताना मी या प्रश्नाचं भाषण तयार केलं होतं. त्यात खेळाडूंचं आरक्षण होतं, तंदुरुस्तीचं वाढतं महत्त्व होतं, देशाचं भवितव्य होतं. ऐन वेळी त्यातला एकही शब्द आठवला नाही.

"नक्की ते तिला ठाऊक नाही, मलाही नाही," मी म्हणालो. "पण ती काम करते कशी, ते मी बघितलंय. कर्जही तेवढंच मागितलंय, जेवढं तिला तासावरच्या पैशात पेलेल. आणि नाहीच पेललं तर मी आहे."

मुलीनं टेबलाकडं बघत मान खाली घातली. साहेबांनी कागद पुढं सरकवला. मी सही केली. ती बँकेतल्या माझ्या नमुन्याशी जुळेना. दुसऱ्यांदा केली, तीही जुळेना. आणि रोज शंभर पट्ट्यांवर सही करणारा माणूस मी! मुलीनं माझ्या पाठीवर हात ठेवला आणि कानाशी म्हणाली, "सावकाश, पप्पा. घाई नाही." तिसरी सही साहेबांनी बहुधा दयेपोटी जुळली असं मानलं.

फी त्याच दुपारी भरली गेली. मुलगी पावती घेऊन थेट मैदानावर पळाली, बॅचची वेळ झाली होती. आम्ही दोघं बँकेच्या पायरीवर उभे राहिलो. माझा शर्ट पाठीला चिकटला होता, रुमाल ओला झाला होता, आणि समोरून तीन रिक्षा गेल्या तरी मला हात करायचं सुचेना. बायकोनं पिशवीतून पाण्याची बाटली काढून माझ्या हातात दिली, मी घटाघटा प्यायलो ते बघितलं, आणि म्हणाली,

"कर्ज तिच्या नावावर. दोन वर्षं भल्या पहाटं उठून डबा करायचा माझ्या नावावर. तुमी नुसती सही केली, तीबी तीनदा. मग एवढा दम तुमालाच कसा लागला हो?"